अकरा महिने डिस्टन्सने शिकतेय, आता खरं काय ते लिहिते

स्टॅटिस्टिक्सचा एक वर्षाचा कोर्स नोकरी सांभाळून डिस्टन्सने करतेय, अकरा महिने झाले, फक्त शेवटची परीक्षा राहिलीये. तिसऱ्या महिन्यातच लिहायला बसले होते पण राहून गेलं, आणि बरंच झालं, कारण तेव्हा मी डोळे झाकून पाच स्टार दिले असते.

तेव्हा सगळं छानच वाटत होतं ना. घरी आलं की लेक्चर लावायचं, नाही कळलं की मागे घेऊन परत बघायचं, नोट्स काढायच्या, सर पण इतकं सोपं करून सांगतात की मान आपोआप हलते. मग पहिली असाइनमेंट आली. स्टँडर्ड डेव्हिएशन आणि स्टँडर्ड एरर यातला फरक उदाहरण देऊन लिहा, बास एवढंच. मला एक ओळ सुचेना. ते लेक्चर मी दोनदा बघितलं होतं! त्या रात्री खरंच खूप वाईट वाटलं, तीन महिने नुसते बघण्यात गेले असं वाटलं.

मग हे असं का होतं ते शोधायला लागले तेव्हा रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग वाचला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींनी तो परत वाचला, काहींनी परत न वाचता जे आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे. म्हणजे लेक्चर संपल्या संपल्या जे 'कळलं' वाटतं त्यावर विश्वासच ठेवायचा नाही. वर्गात सर मध्येच उठवून विचारतात, तिथेच आपलं पितळ उघडं पडतं. रेकॉर्डेड लेक्चरमध्ये विचारणारं कुणीच नसतं, डिस्टन्सची सगळ्यात मोठी उणीव माझ्या मते हीच, नेट आणि आवाजाचे त्रास त्यापुढे काहीच नाहीत, ते डाउनलोड करून सुटतात.

चौथ्या महिन्यापासून पद्धत बदलली. दहा मिनिटं बघायचं, बंद करायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, अडलं तरच परत लावायचं. तासाभराच्या लेक्चरला दोन तास लागतात, सुरुवातीला चिडचिड होते, पण आता विचारा मला. स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे आकडे किती पसरलेत ते, आणि स्टँडर्ड एरर म्हणजे वेगवेगळे सॅम्पल घेतले तर सरासरी किती इकडेतिकडे होईल ते, सॅम्पल चौपट केलं तर एरर निम्मा होतो. हे झोपेतून उठवलं तरी सांगेन. आणि दहा मिनिटंसुद्धा तशी जास्तच, २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर लोकांनी व्हिडिओ बघितल्याच्या जवळपास ६९ लाख सेशन्सचा अभ्यास झाला होता, त्यात व्हिडिओ कितीही मोठा असला तरी लोक साधारण सहा मिनिटांच्या वर टिकत नव्हते.

तक्रार एकच पण मोठी आहे. असाइनमेंट तपासून यायला पाच-पाच आठवडे लागले, तोपर्यंत आपण पुढच्या दोन युनिटवर गेलेलो असतो, मग ती चूक पक्की होऊन बसते. आयझॅक पिटमन १८४० मध्ये ब्रिटनमध्ये टपालाने शॉर्टहँड शिकवायचे, त्यात सुद्धा विद्यार्थ्याने लिहून पाठवायचं आणि ते तपासून परत यायचं, म्हणजे दूर बसून शिकवण्याचा जीव पहिल्यापासून त्या तपासलेल्या कागदात आहे. कोर्स निवडताना लेक्चरचा डेमो बघू नका, तपासून किती दिवसात मिळतं ते विचारा.

कोर्समधल्या आम्ही तिघींनी यावर उपाय म्हणून रविवारचा कॉल सुरू केला, एकीने शिकवायचं, बाकीच्या दोघींनी प्रश्न विचारायचे. खरं सांगते, दोनदा कोर्स सोडायचं मनात आलं होतं, त्या दोघी वाट बघत असतील म्हणून टिकले.

लहान मुलांसाठी मात्र मी हे कुणाला सुचवणार नाही. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा भाची पहिलीत होती, अक्षर कुठून वळवायचं हे तिचा हात धरूनच दाखवावं लागत होतं, स्क्रीनवरच्या बाईंना ते दिसत पण नव्हतं. त्यांचा काही दोष नाही, त्या बिचाऱ्या जीव तोडून शिकवत होत्या. मोठ्यांना, नोकरीवाल्यांना, आठवड्याला आठ-दहा तास खरोखर काढता येत असतील तर जरूर करा.

या रविवारी माझी पाळी आहे, रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं) शिकवायचंय, रेसिड्युअलपाशी, म्हणजे खरा आकडा आणि अंदाज यातल्या फरकापाशी, अजून अडतंय, आज रात्री तेवढं लिहून बघते.