उझबेक आणि रशियन लोककथा: अनुवाद कोणाकडे द्यावा?

दिवाळी अंकासाठी किंवा पुस्तकासाठी रशियन आणि उझबेक लोकसाहित्य मराठीत आणायचं ठरलं, की एकाच अनुवादकावर काम भागवायचा मोह होतो. रशियन जाणणारा माणूस पुण्या-मुंबईत सापडतो, आणि उझबेक साहित्य रशियनमध्ये बरंच आलेलं आहे. मग दोन्ही त्याच्याकडेच का नको? माझं मत विचाराल तर रशियन त्याला जरूर द्या, उझबेक देऊ नका.

रशियनची वाट मळलेली आहे. लोककथा गोळा करणाऱ्या अफानासिएव्हने १८५५ ते १८६३ या काळात छापलेल्या परीकथा गद्यात आहेत, हक्कांची अडचण नाही, आणि मुरलेला अनुवादक त्या नीट पेलतो. बिलिना, म्हणजे वीरगाथा, मात्र जपून द्या. ओनेगा सरोवराच्या परिसरात गोळा झालेल्या गाथांत उत्तरेकडची जुनी बोली आहे. करारपत्रं आणि यंत्रांची माहितीपत्रकं करण्यात हयात गेलेला माणूस तिथे अडखळतो. इल्या मूरोमेत्स या वीराच्या गाथेतला एक तुकडा नमुन्याला द्या. त्यातल्या ओळींची पुनरावृत्ती त्याने 'कंटाळवाणी' म्हणून छाटली, तर दुसरा अनुवादक बघा.

उझबेकचं दुखणं निराळं. 'अल्पोमिश' हे महाकाव्य १९२८ मध्ये फोझिल योलदोश ओगली या बख्शीच्या, म्हणजे लोकगायकाच्या, तोंडून उतरवून घेतलं गेलं. १९३९ ची छापील आवृत्ती संक्षिप्त होती आणि पेन्कोव्स्कीचा प्रसिद्ध रशियन पद्यानुवाद तिच्यावरच बेतलेला आहे. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काव्य प्रतिगामी ठरवून त्याच्यावर झोड उठली. म्हणजे रशियनमार्गे गेलात तर हाती येतं ते आधीच कात्री लागलेलं आणि रशियन छंदात बसवलेलं काव्य. शिवाय त्या अनुवादाचे हक्क वेगळे तपासावे लागतात.

म्हणून माझा कौल जोडीला. ताश्कंदमध्ये हिंदी शिकवली जाते. तिथला हिंदी जाणणारा उझबेक अभ्यासक आणि इथला मराठी लेखक, असं दोघांनी मिळून करावं. मानधन दोघांना द्यावं लागेल, वेळही जास्त जाईल, पण मूळ हातात राहील. सोव्हिएत काळातली पुस्तकं सिरिलिक लिपीत आहेत आणि १९९३ पासून लॅटिन लिपी आणली गेली, तेव्हा दोन्ही लिपी सराईतपणे वाचता येतात का, हे आधीच विचारा. बख्शींच्या भाषेत किपचाक बोलीचा रंग आहे, त्यामुळे शहरी माणसापेक्षा दक्षिण उझबेकिस्तानातल्या सुर्खानदर्या किंवा काश्कादर्याकडच्या खेड्यात वाढलेला माणूस मिळाला तर उत्तम.

मराठी जोडीदारही कान असलेला हवा. दास्तानात, म्हणजे बख्शी गातो त्या 'अल्पोमिश'सारख्या कथाकाव्यात, गद्य आणि गाणं आलटूनपालटून येतं, आपल्या पोवाड्यासारखं. त्याची परीक्षा घ्यायला शेवटाकडचा लग्नाचा प्रसंग घ्या. सात वर्षांच्या बंदिवासातून सुटलेला अल्पोमिश म्हाताऱ्या गुराख्याच्या वेषात आपल्याच बायकोच्या, बारचिनच्या, दुसऱ्या लग्नात शिरतो आणि तिच्याशी गाण्यातून सवाल-जवाब करतो. दर ओळीला 'योर-योर' हे पालुपद येतं. अनुवाद मोठ्याने वाचल्यावर हा सवाल-जवाब रंगला, तर जोडी जमली समजा.

उझबेक आणि मराठी दोन्ही येणारा थेट अनुवादक भेटला तर सोनंच, पण त्याच्या भरवशावर अंकाची तारीख ठरवू नका. पैसे कमी असतील तर अफानासिएव्हच्या चार कथा आणि 'अल्पोमिश'मधला हा एवढा प्रसंग करा. दोन्ही अनुवादकांची नावं शीर्षकाखाली छापा, आणि त्यांच्या आधी बख्शीचं.