टीएलएस जावात की एनजिनएक्सवर?

इंदूरला सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याचं बिलिंग मी सांभाळतो, स्प्रिंग बूटवर (जावातली वेब ॲप बनवायची चौकट). टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन, जावातच टर्मिनेट करायचं (उलगडायचं) की त्यासाठी पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर उभा करायचा, हे दोन्ही मी करून पाहिलंय. सुरक्षिततेत मला फरक जाणवला नाही, टीएलएस १.३ जावा ११ पासून आहेच.

माझं मन जावावरून उडालं ते सर्टिफिकेटच्या नूतनीकरणामुळे. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. सर्टबॉट हा प्रोग्रॅम मुदतीच्या महिनाभर आधी नवं आणतो, पण पेम या मजकुरी फाइलींत. त्यांचं पीकेसीएस१२ कीस्टोअर (किल्ली आणि सर्टिफिकेट एकत्र ठेवणारी फाइल) करा, मग ॲप रीस्टार्ट करा. एका खेपेला माझ्या स्क्रिप्टने कीस्टोअर केलं आणि रीस्टार्ट तेवढा राहिला. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, गेरचा (इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीचा) रंग नखांतून निघाला नव्हता, तोच मुनीमजींचा फोन: लॉगिनचं पानच उघडत नाही. जावाच्या कीटूलने फाइल पाहिली तर तारीख ठणठणीत. शेवटी ओपनएसएसएलच्या एस_क्लायंटने चालू पोर्टलाच विचारलं, तेव्हा 'नॉटआफ्टर', म्हणजे मुदत संपायची वेळ, आदल्या रात्रीची निघाली. नवं सर्टिफिकेट महिनाभर डिस्कवर पडून होतं आणि जेव्हीएम (चालू असलेली जावा प्रोसेस) जुनंच दाखवत होतं. तोवर गोदामापाशी माल भरलेली गाडी बिलासाठी ताटकळत उभी.

स्प्रिंग बूट ३.१ पासून एसएसएल बंडल (सर्टिफिकेट आणि किल्लीची एकत्र सेटिंग) आलेत, ३.२ पासून रीलोड-ऑन-अपडेट चालू केलं तर ती फाइल बदलली की आपोआप रीलोड होतात. नवं काम सुरू करत असाल तर हा त्रास बराच कमी होईल. माझं ॲप जुन्या आवृत्तीवर होतं.

एनजिनएक्सचीही एक खोड आहे. लॉगिननंतरचा रीडायरेक्ट साध्या एचटीटीपीवर जातो, कारण ॲपला बाहेरचं टीएलएस दिसत नाही. मूळ विनंती एचटीटीपीएसवर आली हे सांगणारं एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर पाठवा, बूटमध्ये फॉरवर्ड-हेडर्स-स्ट्रॅटेजी लावा, आणि ॲपचं ८०८० पोर्ट फक्त लोकलहोस्टवर (त्याच मशीनपुरतं) ठेवा.

क्लायंट सर्टिफिकेटवरच (वापरणाऱ्याच्या मशीनने दाखवलेल्या सर्टिफिकेटवर) लॉगिन द्यायचं असेल तर मात्र मी जावाकडे झुकेन. ते हेडरमधून आत पोचवणं मला जोखमीचं वाटतं. बाहेर जाणाऱ्या कॉलचं ट्रस्टस्टोअर (कुणाच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा ती यादी) तर दोन्हीकडे जावातच राहतं. तिथे 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' (समोरच्या सर्टिफिकेटची साखळी त्या यादीशी जुळली नाही) आलं म्हणून सरसकट सगळ्यांवर विश्वास टाकणारा ट्रस्टमॅनेजर कृपा करून लावू नका.

बाकी नेहमीच्या ॲपला, माझ्या मते, एनजिनएक्स बरं. सार्वजनिक सर्टिफिकेटची मुदत १५ मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवस होणार आहे, म्हणजे हे काम वारंवार येणार. एनजिनएक्स रीलोड होतं तेव्हा त्याच्या जुन्या प्रोसेस, म्हणजे वर्कर, हातातलं काम संपवूनच जातात, काउंटरवरचं बिल तुटत नाही. रीलोडची आज्ञा मी सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये (नवं सर्टिफिकेट आलं की आपोआप चालणाऱ्या आज्ञांत) टाकली आहे. आणि तारीख आता फाइलीची नाही, पोर्टची तपासतो, रोज सकाळी दुकान उघडायच्या आत.