साठ दिवसांत पैसे परत: केसगळतीच्या औषधातली मेख मुदतीत असते

ठरलेला डाव असा. तीन महिन्यांचा कोर्स आगाऊ पैसे घेऊन गळ्यात मारायचा, वर हमी द्यायची: साठ दिवसांत फरक नाही तर पैसे परत. दुसऱ्या महिन्यात तक्रार केली की "अजून कोर्स पुरा कुठे झालाय?" आणि कोर्स संपवून गेलं की हमीची मुदत उलटलेली. मग ऐकवतात, केसांना वेळ लागतो, आणखी दोन कोर्स घ्या. वेळ लागतो हे खरंच आहे. फक्त ते पैसे घेण्याआधी सांगायचं असतं.

डोक्यावरचा केस 2 ते 6 वर्षं वाढतो, मग सुमारे तीन महिने नुसता मुळाशी टिकून राहतो आणि गळतो. म्हणजे आज कंगव्यात आलेल्या केसाचं भवितव्य तीन महिन्यांपूर्वीच ठरलेलं. नवा केस महिन्याला जेमतेम 1 सेंमी वाढतो. मिनॉक्सिडिलसारख्या सिद्ध औषधानेही पहिल्या 2 ते 8 आठवड्यांत गळती उलट वाढू शकते. फरक दिसू लागायला चारेक महिने, पक्कं मत बनवायला 12. फिनास्टराइड या पुरुषांच्या टकलावरच्या गोळीच्या मुख्य चाचण्या वर्षभराच्या होत्या आणि पुढे पाच वर्षांपर्यंत लांबवल्या गेल्या. तिथे "30 दिवसांत दाट केस" म्हणणाऱ्याने काय मोजलं असेल?

बहुधा तुटलेले केस. जाहिरातीत तळाशी बारीक अक्षरांत "तुटण्यामुळे होणारी गळती" असं लिहिलंय का बघा. तेलाने केस गुळगुळीत झाले की ते कमी तुटतात. टकलाशी त्याचा संबंध नाही.

सगळ्यात सोपी शिकार म्हणजे मोठा ताप, बाळंतपण किंवा शस्त्रक्रियेनंतर केस गळणारी माणसं. ही गळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते आणि मूळ कारण सरलं असेल तर बहुतेकांची सहा महिन्यांच्या आत आपोआप ओसरते. माणूस औषध घ्यायला जातो तो ऐन भरात. बाटलीत साधं पाणी असतं तरी गुण आलाच असता! असे अभिप्राय प्रामाणिक असतात, म्हणून तर ते जास्त फसवतात. चाचणीत एका गटाला बिनऔषधी द्रव द्यावा लागतो तो याचसाठी.

विक्रेत्याला विचारा: तुलनेचा गट होता का, किती महिने पाहिलं, केस मोजले कसे? नीट मोजणीत टाळूवर बारीक ठिपका गोंदवून दर वेळी तीच जागा, साधारण 1 चौरस सेंमी, मोठी करून मोजतात. आधीचा फोटो ओल्या केसांचा, वरून प्रखर उजेडातला आणि नंतरचा कोरड्या, भांग बदललेल्या केसांचा असेल तर विषय संपला.

घरी पडताळताना एका वेळी एकच उपचार ठेवा. दर तीन महिन्यांनी कोरड्या केसांचा, त्याच उजेडात, तोच भांग पाडून फोटो घ्या. ऋतूनुसारही गळती कमी-जास्त होते, म्हणून शेवटची तुलना वर्षापूर्वीच्या त्याच महिन्याशी करा.

मात्र टाळूवर लाली, वेदना, पू असेल किंवा चट्ट्यांची जागा चकचकीत, छिद्रं बुजल्यासारखी दिसत असेल, तर सहा महिने थांबू नका. व्रण उठवणाऱ्या प्रकारात केसांची मुळं कायमची जातात. त्वचारोगतज्ज्ञाला लगेच दाखवा.