आरएफसी मालिका: संदर्भासाठी उत्तम, उताऱ्यासाठी कडक

हे परीक्षण आरएफसी मालिकेचे, म्हणजे इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या क्रमांकित दस्तऐवजांचे आहे. मात्र ते प्रणाली बांधणाऱ्याच्या नव्हे, तर स्वतःचे तांत्रिक मानक लिहिताना दुसऱ्या मानकाचा आधार घेणाऱ्याच्या दृष्टीने केले आहे.

संदर्भ देण्यासाठी या मालिकेइतकी सोयीची दुसरी जागा क्वचितच सापडेल. प्रत्येक आरएफसी विनामूल्य वाचता येतो आणि एकदा प्रसिद्ध झाल्यावर त्याचा मजकूर बदलत नाही, त्यामुळे विभागाचा क्रमांक दिला की वाचक नेमक्या त्याच नियमापाशी पोहोचतो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या मानकांचाही संदर्भ खुशाल देता येतो, पण त्यांतील बहुतेक विकत घ्यावी लागत असल्याने तुमचे मानक राबवणाऱ्या प्रत्येकाला तो खर्च सोसावा लागतो.

मजकूरच उचलायचा असेल, तर मात्र नियम कडक आहेत. आरएफसींचे हक्क सांभाळणाऱ्या आयईटीएफ ट्रस्टच्या तरतुदींनुसार संपूर्ण आरएफसीची प्रत काढता येते, त्याचे भाषांतरही करता येते. परंतु आयईटीएफच्या प्रक्रियेबाहेर त्यात फेरफार करून नवे मानक तयार करण्याची मुभा नाही. यातून वगळले आहेत ते कोडचे भाग. एबीएनएफ व्याकरण (मजकुराची रचना काटेकोर नियमांत मांडण्याची पद्धत), एक्सएमएल स्कीमा आणि एएसएन.१ व्याख्या (दोन्ही माहितीच्या रचनेची औपचारिक वर्णने) हे सारे बीएसडी या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली मिळते आणि परवान्याची सूचना कायम ठेवून ते आपल्या मानकात घेता येते. माझ्या मते ही या मालिकेची सर्वांत मोलाची सवलत आहे, कारण हुबेहूब उतरवण्याची खरी गरज व्याकरणालाच असते. भोवतालचे विवेचन आपल्या शब्दांत लिहिता येते.

अशा पुनर्वापराचा उत्तम नमुना याच मालिकेत आहे. २००२ च्या आरएफसी ३३३९ ने आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या मानकातील अनेक रूपांतून इंटरनेटला पुरेल असा मोजका भाग निवडला, त्याचे व्याकरण एबीएनएफमध्ये स्वतः मांडले आणि मूळ मानकाचा रीतसर उल्लेख केला. तारीख आणि वेळ यांच्यामधील ‘टी’ किंवा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दाखवणारा शेवटचा ‘झेड’ या संकेतांवर कॉपीराइट नसतो. तो असतो त्यांच्या वर्णनाच्या शब्दांवर.

जुन्या दस्तऐवजांबाबत माझी स्पष्ट तक्रार आहे. १० नोव्हेंबर २००८ पूर्वीचा मजकूर ज्यांत असू शकतो, अशा काही आरएफसींवर ‘मूळ लेखकांनी फेरफाराचा हक्क दिलेला नसू शकतो’ अशा आशयाची सूचना असते, पण जुना भाग नेमका कोणता हे ती सांगत नाही. तो शोधण्याचे आणि हक्कधारकांची परवानगी मिळवण्याचे काम पुनर्वापर करणाऱ्यावरच येऊन पडते. याउलट, एचटीएमएलसारखी वेब मानके लिहिणाऱ्या वॉटडब्ल्यूजी या गटाची मानके क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश ४.० परवान्याखाली असल्याने तेथे श्रेय देऊन उतारा घेता येतो.

पेटंटचा विचार वेगळा करावा लागतो. आयईटीएफचा भर माहीत असलेली पेटंटे जाहीर करण्यावर आहे, ती विनाशुल्क मिळतीलच अशी हमी नाही. वेबआरटीसीसाठीच्या (ब्राउझरमधून थेट ध्वनी-चित्र संवाद साधण्याच्या तंत्रासाठीच्या) आरएफसी ७७४२ ने ब्राउझरांना व्हीपी८ या व्हिडिओ संकोचन पद्धतीबरोबर एच.२६४ ही दुसरी पद्धतही अनिवार्य केली, आणि एच.२६४ ला पेटंट परवाने लागू होतात. वेब मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या विनाशुल्क पेटंट धोरणातही बाहेर विकसित होऊन केवळ संदर्भाने आलेले तंत्रज्ञान वगळलेले आहे. म्हणून बंधनकारक संदर्भांच्या यादीतील प्रत्येक दस्तऐवजाची पेटंट प्रकटने मसुदा गोठवण्यापूर्वी तपासावीत. आयईटीएफच्या संकेतस्थळावर ती आरएफसीच्या क्रमांकानुसार शोधता येतात.