विकणाऱ्याने पाठवलेला रिपोर्ट मी खरा धरला

जुनी गाडी घेताना मी फसले, त्याला आता तीन महिने होतील. रागाच्या भरात लिहायचं नव्हतं म्हणून थांबले. पण ओळखीतले दोघेजण सध्या ऑनलाइन गाड्या बघताहेत आणि एकाच्या फोनवर मला जवळपास तीच जाहिरात दिसली: 'सिंगल ओनर, कमी चाललेली, कागदपत्रं क्लिअर, अर्जंट विकणे'. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझ्या गाडीच्या मीटरवर ४२ हजार किलोमीटर होते. विकणारा बोलायला अतिशय नम्र. मी अपघाताबद्दल विचारताच म्हणाला, "ताई, मी तोंडी कशाला सांगू? गाडीच्या हिस्टरीचा रिपोर्टच पाठवतो." पाच मिनिटांत पीडीएफ आली. अपघात नाही, मालक एकच, मीटरच्या नोंदी बरोबर. खाली शिक्कासुद्धा. तो कागद हातात आल्यावर मी बाकीची तपासणी जवळजवळ सोडूनच दिली. माझी खरी चूक ही. गाडी विकणाऱ्यानेच तिच्या चांगुलपणाचा पुरावा दिला आणि मी तो पडताळला नाही.

गाडी बघायला गेले तेव्हा बॉनेट गरम होतं. "आत्ताच पेट्रोल भरून आलो," म्हणाला. पूर्ण थंड इंजिन सुरू करताना येणारा धूर, आवाज, थरथर हे सगळं इंजिन तापलं की लपतं, हे मला नंतर कळलं. आता कोणी विचारलं तर मी सांगते, गाडी सकाळी बघा, आणि तुम्ही पोहोचेपर्यंत सुरू करू नका असं आदल्या दिवशीच बजावून ठेवा. बॉनेटला हात लावून गरम लागलं तर तिथूनच परत फिरा.

चौथ्या दिवशी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. मेकॅनिकने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. बिघाडाचे कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती चालली, तो आकडा तिथे होता: २०६ किलोमीटर. घेतल्यापासून मी १८८ किलोमीटर चालवली होती. म्हणजे गाडी माझ्या हातात येण्यापूर्वी जेमतेम १८ किलोमीटरवर कोणीतरी कोड पुसून दिवा घालवला होता. गाडी बघताना डॅशबोर्ड स्वच्छ दिसत होता तो यामुळे.

मग त्याने एबीएसचं, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचं युनिट वाचलं. तिथे किलोमीटरची वेगळी नोंद होती, १ लाख ३१ हजारांची. प्रत्येक गाडीत अशी नोंद सापडेलच असं नाही, माझ्या गाडीत सापडली. तो काही बोलला नाही, फक्त टॉर्चचा उजेड पायाशी टाकला. क्लच पेडलच्या रबरावरच्या रेघा एका कडेला पार गुळगुळीत झाल्या होत्या. सीट कव्हर नवं, स्टिअरिंग कव्हर नवं, मॅट नवे. पेडलचं रबर मात्र बदलायचं राहिलं होतं. ४२ हजारांत रबर असं झिजत नाही.

मीटर डिजिटल आहे म्हणजे मागे फिरवता येत नाही, असा माझा समज होता. लॅपटॉप जोडून ते काम थोड्या वेळात होतं. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा संस्थेच्या, एनएचटीएसएच्या अंदाजानुसार एकट्या त्या देशात दरवर्षी साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या मीटरवर विकल्या जातात.

रात्री मी ती पीडीएफ पुन्हा उघडली आणि त्यातला चेसिस नंबर (इंग्रजीत व्हिन) काचेखालच्या पट्टीशी एकेक अक्षर लावून बघितला. पट्टीवर जिथे शून्य होतं, तिथे पीडीएफमध्ये इंग्रजी 'ओ' होता, शेजारच्या शून्यांपेक्षा चांगलाच गोल. सतरा अक्षरांच्या या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. म्हणजे तो नंबर कोणीतरी हाताने टाइप करून रिपोर्टात घातला होता. हे ओळखायला पैसे लागत नव्हते, दोन मिनिटं लागत होती.

म्हणून रिपोर्ट स्वतः काढा, आणि नंबर गाडीवरून स्वतः टिपून घ्या. काचेखाली, दरवाजाच्या चौकटीत आणि कागदपत्रांत तो एकच हवा. आधी सरकारी नोंद मिळते का बघा, पुष्कळदा ती फुकट असते. ब्रिटनमध्ये एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या ठरावीक तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो आणि त्यात दरवेळचं मीटर रीडिंग असतं. अमेरिकेत एनएचटीएसएच्या साइटवर नंबर टाकला की गाडीचं कुठलं रिकॉल, म्हणजे दोष निघाल्याने कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं, बाकी आहे ते कळतं, आणि विम्याच्या गुन्ह्यांवर काम करणाऱ्या एनआयसीबी या संस्थेच्या व्हिनचेकवर गाडी चोरीची किंवा भंगारात काढलेली म्हणून नोंदलेली आहे का ते. रिकॉलचं तर गाडी असलेल्या प्रत्येकाने बघावं. ती दुरुस्ती साधारणपणे कंपनी फुकट करून देते, आणि माहीत नसल्याने लोक त्याच भागासाठी गॅरेजमध्ये पैसे मोजतात.

गाडी विकणाऱ्यांनाही असेच गाठतात. 'गाडी घेतो, पण रिपोर्ट या साइटवरूनच काढा' असं म्हणून खोट्या साइटची लिंक पाठवायची, कार्डाचे तपशील भरून घ्यायचे आणि गायब व्हायचं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. त्यातल्या काही पत्त्यांच्या शेवटी 'डॉट व्हिन' होतं. ते चेसिस नंबराचं वाटतं, पण तो शेवट मुळात वाइनच्या व्यवसायासाठी काढलेला आहे.

टायरही बघा. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी कमी चाललेली सांगतात आणि चारही टायर गाडीपेक्षा बऱ्याच नंतरचे निघाले, तर का बदलले ते विचारायलाच हवं.

मी आता छोटा ब्लूटूथ स्कॅनर घेतला आहे, फोनवरच्या ॲपशी जोडता येतो. अगदी स्वस्त मिळतो. दिवा लागला की कोड काय आहे हे मला गॅरेजमध्ये जाण्याआधीच माहीत असतं, त्यामुळे गरज नसलेला भाग बदलला जात नाही. पण गाडी घेताना त्यावरच भागवू नका. आपल्या ओळखीचा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला मेकॅनिक सोबत न्या आणि त्याला त्याची फी द्या. मला नंतर जो खर्च आला, त्यापुढे ती फी काहीच नव्हती. मेकॅनिक न्यायचा म्हटल्यावर जो 'दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय' म्हणून टोकन मागतो, त्याला टोकन देऊ नका. मी दिलं होतं.

व्यवहारानंतर दोन दिवसांत त्याने जाहिरात काढून टाकली, आठवड्यात फोन बंद झाला. तक्रार नोंदवायला गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, त्याने ४२ हजार सांगितले होते याला पुरावा काय? भावाला गाडी दाखवायची म्हणून मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढला होता. त्यात किलोमीटर, तारीख आणि विकणाऱ्याचं खातं, तिन्ही दिसतात. तक्रार आज त्या एका स्क्रीनशॉटवर उभी आहे. गाडी आवडली की फोन करण्याआधी जाहिरातीचे पूर्ण स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि बोलणं फोनवर झालं तरी किलोमीटर आणि अपघाताचा प्रश्न मेसेजवर पुन्हा विचारून लेखी उत्तर घ्या.