नऊ तुकडे, बारा जोड: एक घरगुती शब्दकोडे

गोव्यातील म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेल्या या घरगुती शब्दकोड्यात पुठ्ठ्याचे ९ चौकोनी तुकडे असून, एकाच्या कडेवरील शोधसूत्राचे उत्तर दुसऱ्याच्या कडेवर शोधून ३ × ३ च्या चौकटीतले आतले १२ जोड जुळवायचे असतात. तुकडे न फिरवताही ३,६२,८८० मांडण्या संभवतात, त्यामुळे अंदाजपंचे खेळणाऱ्याची येथे डाळ शिजत नाही. ‘मांडवीकाठचा किल्ला’ या सूत्राला आग्वाद आणि रेइश मागूश ही दोन्ही उत्तरे चालतात; प्रथम मला ती चूकच वाटली, परंतु बाकीच्या कडा जुळवू लागल्यावर त्यांतले एक आपोआप बाद होते, आणि रचनाकाराची खरी हुशारी तिथेच दिसते. कापणी मात्र ओबडधोबड आहे, आणि आमच्याकडच्या दमट हवेत दोन तुकडे पावसाळ्याआधीच वाकले.