सामान दाराबाहेर गेलं की भाव बदलतो: गोव्यातून परदेशी जाताना पॅकर्सवाल्यांपासून सांभाळा

फोंड्यात, मडगावात, म्हापशात कुठेही बघा, कोणी ना कोणी घर आवरून इंग्लंडात, लंडन नाहीतर स्विंडनला चाललेलं असतं. अशा लोकांना लुबाडायची एक ठरलेली पद्धत आहे आणि आम्ही त्यात अडकलो, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, लांबलं तरी पूर्ण वाचा प्लीज, कारण अजून कोणाचं असं झालं तर मला खरंच वाईट वाटेल.

माझ्या मिस्टरांना स्विंडनला नोकरी लागली, फोंड्याचं भाड्याचं घर महिनाअखेर खाली करून द्यायचं होतं. फ्रिज, कपाटं, सोफा इथेच विकले. जहाजाने न्यायचं म्हणजे पुस्तकं, सासूबाईंनी दिलेली तांब्याची भांडी, दोन समया, गोधड्या, नारळ खवायची आदोळी आणि मुलीची वाजवायची पेटी, कारण तिने क्लास सुरू केला होता आणि पेटी सोडून यायला ती काही केल्या तयार नव्हती. एवढ्यासाठी पूर्ण कंटेनर कोण घेतो, आपला माल दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये जातो, त्याला एलसीएल म्हणतात, आणि पैसे वजनावर नाही तर सीबीएमवर म्हणजे घनमीटरवर लागतात. हे नीट लक्षात ठेवा, सगळी फसवणूक इथूनच चालते.

दोघांनी घरी येऊन टेपने मापं घेऊन दीड लाखाच्या वर कोटेशन दिलं. तिसऱ्याने व्हिडिओ कॉलवर सामान बघितलं आणि 3 सीबीएमचे 96,000 सांगितले, स्विंडनच्या दारापर्यंत. कमी का, तर म्हणे कंटेनर अर्धा रिकामा चाललाय, मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून लगेच सुटणार. ऐकायला अगदी पटण्यासारखं, कारण एलसीएलमध्ये असं खरंच होऊ शकतं. कंपनीचं नाव एका मोठ्या नावाजलेल्या कंपनीसारखं, एखादं अक्षर इकडचं तिकडे. 40 टक्के अ‍ॅडव्हान्स घेतला, वर इन्शुरन्सचे वेगळे आणि "युके कस्टम फी" म्हणून 15,000 वेगळे.

पॅकिंग मात्र झकास केलं. मुलं चांगली होती, बबल रॅप, टेप, सगळं व्यवस्थित, 22 बॉक्स आणि पेटीचा एक वेगळा. मी प्रत्येक बॉक्सवर नंबर घालून फोटो काढले, टेम्पोत भरताना टेम्पोचाही काढला. हे फोटो पुढे देवासारखे धावून आले.

आमचं विमान मोपावरून मुंबई आणि तिथून लंडन असं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी, बॅगा वजन करून हॉलमध्ये उभ्या, घरात पाहुणे, आणि त्या माणसाचा फोन, मॅडम वेअरहाऊसला माप घेतलं, 4.6 सीबीएम भरतंय, 72,000 अजून लागतील, आज नाही भरले तर कंटेनर चुकेल आणि मग रोजचं गोडाऊन भाडं तुमच्यावर. आवाज एकदम बदललेला. आधी ताई ताई करणारा माणूस हाच का असं वाटावं इतका.

हिशोब सांगते, तुम्हीही घरी करू शकता. आमचे बॉक्स 18 बाय 18 बाय 24 इंचाचे होते. म्हणजे एक बॉक्स साधारण 0.127 घनमीटर, 22 चे झाले 2.8, पेटी धरली तरी 3 च्या आतच. 4.6 कुठून आले? मिस्टरांनी हेच विचारलं तर म्हणे पॅलेटवर, म्हणजे बॉक्सांखालच्या लाकडी फळ्यांवर, ठेवल्यावर वाढतं. पॅलेटने थोडंफार वाढतं हे खरं, पण दीडपट? आणि ते कोटेशनमध्ये लिहिलेलं का नाही? या लोकांना आपल्या तिकिटाची तारीख माहीत असते, कारण सुरुवातीलाच विचारून घेतात, आणि फोन बरोबर अशा वेळी येतो की पोलिसात जायलासुद्धा आपल्याला वेळ नसतो. शेवटी 30,000 यूपीआयने भरले आणि आम्ही निघालो.

इकडे आल्यावर मिस्टरांच्या मावसबहिणीने सांगितलं ते ऐकून तर मी सुन्न झाले. वापरलेलं घरसामान युकेत आणताना ड्युटी आणि व्हॅट माफ व्हावा म्हणून टीओआर 1 नावाचा अर्ज असतो, तो इथल्या सरकारच्या कर खात्याकडे म्हणजे एचएमआरसीकडे ऑनलाइन करायचा, त्याला एक पैसाही फी नाही. सामान किमान 6 महिने तुमच्या वापरातलं हवं आणि त्याआधी तुम्ही सलग 12 महिने युकेबाहेर राहिलेले हवेत. मंजुरी मिळाली की नंबर येतो, तो शिपिंगवाल्याला द्यायचा. म्हणजे ते 15,000 कशाचे होते, तुम्हीच सांगा.

मग बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर दिल्याची पावती, मागितलं. बरेच दिवस टाळाटाळ, मग एक फोटो पाठवला. कंटेनर नंबरला 4 अक्षरं आणि 7 आकडे असतात, यांच्या कागदावर 6 च आकडे! जीएसटी नंबर तपासला तर सुरुवात 07 ने, म्हणजे दिल्ली. गोव्याचा 30 ने सुरू होतो. ऑफिस मडगावला म्हणणाऱ्याकडे दिल्लीचा नंबर कशाला, म्हणून जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर तो भलत्याच कुठल्यातरी कापड दुकानाचा निघाला. इन्शुरन्सची पॉलिसी म्हणून दिलेला कागद यांच्याच लेटरहेडवर, त्यावर ना विमा कंपनीचं नाव ना पॉलिसी नंबर.

माझे दीर फोंड्यालाच असतात. ते टेम्पोचा फोटो घेऊन नंबरावरून मालकापर्यंत आणि मालकाकडून ड्रायव्हरपर्यंत पोचले. ड्रायव्हर बिचारा भाड्याने बोलावलेला, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो सरळ म्हणाला, "पात्रांव, तुमचो माल मुंबय वचूंकच ना, हांवेंच मडगांवां देंवयला." आम्ही इकडे जहाज कुठे पोचलं म्हणून वाट बघतोय आणि आमचे बॉक्स मडगावजवळच्या एका शेडमध्ये! दिरांनी फोटो, यूपीआयच्या नोंदी, चॅट सगळं नेऊन पोलिसात तक्रार दिली, 1930 वर फोन करून सायबरची पण केली. पोलीस त्या शेडवर गेले तेव्हा बाकी तीन चार कुटुंबांचं सामान तिथेच पडलेलं होतं, एका म्हातारीच्या घरातला देव्हारासुद्धा. दीर सांगत होते की बॉक्सवर नावं आणि परदेशातले पत्ते लिहिलेले, धूळ बसलेली. ती माणसं अजून कुठेतरी आपलं सामान समुद्रात आहे असं समजून बसली असतील, याचाच मला जास्त त्रास होतो.

आमचे 19 बॉक्स मिळाले. भांड्यांचे दोन आणि गोधड्यांचा एक गेला. पेटीचा भाता फाटलाय, ती फोंड्यात दुरुस्तीला दिलीय. पैसे अजून परत नाहीत, ग्राहक आयोगात ई-जागृतीवरून केस घातलीय, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर पण सगळं नोंदवलंय.

तुम्ही सामान पाठवणार असाल तर माप घरातच, तुमच्या हॉलमध्ये, तुमच्यासमोर घ्यायला लावा आणि पॅकिंग लिस्टवर सीबीएमचा आकडा लिहून सही घ्या, मगच टेम्पोत भरू द्या. कोटेशनमध्ये दारापर्यंत की फक्त पोर्टपर्यंत, पॅलेट धरून की सोडून, तिकडचं पोर्ट हँडलिंग कोण भरणार हे सगळं लिहून मागा, जो लिहून द्यायला कां कूं करतो त्याला सामान देऊ नका. आणि विमानाची तारीख विचारली तर खरी सांगू नका, दोन आठवडे आधीची सांगा. सामान निदान तेवढंच आधी पाठवा, म्हणजे असला फोन आला तर तुम्ही गोव्यातच असाल आणि स्वतः गोडाऊनवर जाऊन उभे राहू शकाल.

आणि ज्यांचं सामान आत्ता असंच अडकलंय त्यांनी बिल ऑफ लेडिंगच्या मागे लागण्याआधी टेम्पोचा नंबर शोधा. फोटो नसेल तर बिल्डिंगच्या वॉचमनचं रजिस्टर, नाहीतर समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही, जे मिळेल ते, पण लवकर, कारण फुटेज फार दिवस ठेवत नाहीत.